दाद उद्यावर टाकू नये

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी जामनेरचा. आयुष्य शाळेत शिकवण्यात गेलं आणि संध्याकाळी भजनी मंडळात. टाळ धरायचा, मागच्या ओळीत बसायचं आणि पखवाज ऐकायचा, एवढीच माझी संगीतातली पात्रता. असा माणूस अमेरिकेतल्या जॅझबद्दल काय सांगणार, असं तुम्हाला वाटेल. पण मला बोलायचं आहे ते वाजवणाऱ्यांपेक्षा ऐकणाऱ्यांबद्दल. आणि ऐकण्याच्या कामात मी मुरलेला आहे.

झालं असं, की दिवाळीला पुण्याहून पुतण्या आला होता. फराळ झाल्यावर त्यानं मोबाइल एका छोट्या स्पीकरला जोडला आणि म्हणाला, "काका, आज तुम्हाला एक मैफल ऐकवतो. वाजवणारे तिघंच आहेत. गाणं नाही, शब्द नाहीत. फक्त ऐका."

पियानो सुरू झाला. अगदी हळू, कुणी झोपलं असेल तर जागं होऊ नये अशा बेतानं. त्याच्या खाली एक खर्जातलं तंतुवाद्य होतं. त्याला डबल बास म्हणतात. माणसापेक्षा उंच असतं, उभं धरून बोटांनी छेडायचं. आणि ड्रम. पण ड्रम म्हटल्यावर जो दणदणाट डोळ्यांसमोर येतो, तो नव्हता. वाजवणारा काठ्यांऐवजी तारांचे ब्रश कातड्यावर फिरवत होता. सुपात दादर पाखडताना येतो ना, तसा आवाज. मी सावरून बसलो.

आणि मग मला दुसरंच काही ऐकू यायला लागलं. पेल्यांची किणकिण. कुणीतरी बोलतंय. एक बाई मोकळेपणानं हसली. एक गत संपली, तर टाळ्या चार-दोन. मला रागच आला. म्हटलं, "अरे, समोर हे असं वाजतंय आणि ही माणसं गप्पा काय मारतात?" पुतण्या हसला आणि त्यानं हकिगत सांगितली.

न्यूयॉर्क शहरात व्हिलेज व्हॅनगार्ड नावाचं एक तळघर आहे. मॅक्स गॉर्डन यांनी १९३५ साली सुरू केलेलं. जेमतेम सव्वाशे माणसं मावतील एवढी जागा. २५ जून १९६१ रोजी, एका रविवारी, तिथं बिल इव्हान्स हे पियानोवादक, स्कॉट लाफारो हे बासवादक आणि पॉल मोशन हे ड्रमवादक वाजवत होते. त्यांच्या तिथल्या मुक्कामाचा तो शेवटचा दिवस. निर्माते ऑरिन कीपन्यूज यांनी ध्वनिमुद्रणाची सोय केली होती. दुपारी दोन आणि रात्री तीन, अशा पाच बैठकी झाल्या. त्यातून दोन तबकड्या निघाल्या, आणि जॅझच्या जाणकारांत पियानो, बास आणि ड्रम या त्रिकुटाचा विषय निघाला की आजही त्या दिवसाचं नाव निघतं.

का निघतं, हेही मी समजून घेतलं. पूर्वी अशा त्रिकुटात बहुधा पियानो पुढे असायचा आणि बाकीचे दोघं ठेका धरायचे. आपल्याकडे बुवा गातात आणि मागचे साथ करतात, तसंच. या तिघांनी ते मोडलं. पियानो एक वाक्य बोलतो, बास ते मध्येच उचलतो, उलटं करून परत देतो, आणि ड्रम कधी हुंकार देतो, कधी मुद्दाम गप्प राहतो. ठरलेल्या मापांचं चक्र मात्र तिघांच्याही डोक्यात चालू असतं, आपल्या आवर्तनासारखं. ते सुटलं की संपलं. सांभाळून जितकं भटकता येईल तितकं भटकायचं आणि घरी यायचं. म्हणजे समेची ओढ तिथंही आहेच.

दाद द्यायची रीतही ओळखीची निघाली. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मैफलीत रचना पुरी होईपर्यंत टाळी वाजवायची नाही, असा रिवाज आहे. जॅझमध्ये तसं नाही. एकेकाचं स्वतंत्र वादन संपलं की तिथंच टाळी. आपल्याकडे तिहाई समेवर येऊन पडली की तोंडातून "वा" निघतं, त्याच जातीची. ती टाळी वाजवणाऱ्याला पुढच्या आवर्तनासाठी मिळते, मैफल संपल्यावरच्या पाकिटासारखी नाही.

तसं पाहिलं तर जॅझ आपल्या खानदेशात कधीच येऊन पोचला होता, आपण त्याला नावानं ओळखलं नाही एवढंच. टेडी वेदरफोर्ड हे अमेरिकेतले कृष्णवर्णीय पियानोवादक १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत. त्या काळच्या बँडांतून अनेक गोमंतकीय वादक तयार झाले आणि पुढे सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले. चिक चॉकलेट या टोपणनावानं गाजलेले ट्रंपेटवादक अँतोनियो झेवियर वाझ हे त्यांतलेच. ते आपल्या सी. रामचंद्रांचे सहायक होते. १९५१चा 'अलबेला' आठवा! लग्नाच्या मांडवात, जत्रेत, पानाच्या टपरीवरच्या रेडिओवर त्यातल्या ज्या चालींवर आमच्या पिढीनं पाय आपटले, त्यांत ही हवा होतीच. पुढे १९७८ साली निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत 'जॅझ यात्रा' हा महोत्सव भरवला आणि देशोदेशींचे वादक तिथं आले. म्हणजे परकं असं काही नाही.

आता त्या रविवारची पुढची गोष्ट. ध्वनिमुद्रण झाल्यावर अकरा दिवसांनी, ६ जुलै १९६१ रोजी, स्कॉट लाफारो मोटार अपघातात गेले. वय पंचवीस. इव्हान्स यांना तो धक्का इतका बसला की काही महिने त्यांचं वादन थांबलं. पहिली तबकडी निघाली, तेव्हा तिच्यासाठी लाफारो यांचं काम ठळक ऐकू येईल अशाच गती निवडल्या. सुरुवातीची आणि शेवटची रचनाही त्यांचीच.

पुतण्यानं हे सांगितलं आणि ती पेल्यांची किणकिण मला वेगळी ऐकू येऊ लागली. त्या तळघरात जी बाई हसली, तिला काय ठाऊक होतं? तिच्यापासून चार हातांवर जे वाजत होतं, ते पुन्हा तसं वाजायचं नव्हतं. त्या टाळ्या चार-दोनच होत्या, पण त्या पोचल्या. आज जगभरातले लाखो लोक त्या मैफलीला मान डोलावतात. त्यातली एकही दाद लाफारोंपर्यंत पोचत नाही.

आणखी एक गंमत. २००५ साली त्या दिवसाचं सगळं ध्वनिमुद्रण एकत्र निघालं. त्यात पहिलीच गत मध्ये तुटलेली आहे, कारण वीज गेली! न्यूयॉर्कमध्ये! हे ऐकून मी हसलो, आणि हसता हसता गप्प झालो. कारण मला आमचे नाना आठवले.

नाना म्हणजे आमच्या मंडळाचे पखवाजवाले. दिवसभर शेतात, रात्री पखवाजावर. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची कार्तिकी एकादशी. कापसाची वेचणी चालू, माणसं दमलेली, जागराला गर्दी बेताचीच. भारनियमनाचे दिवस होते. अभंग रंगात आला आणि वीज गेली. माइक बंद, दिवे बंद. गाणारे थबकले. नाना थांबले नाहीत. त्यांनी हात हलका केला आणि अंधारात नुसता ठेका चालू ठेवला. मागची माणसं आपोआप पुढे सरकली. बायका ओट्यावरून उठून खांबाजवळ आल्या. हळूहळू कुणीतरी सूर धरला, आणि तासभर आम्ही माइकशिवाय गायलो. त्या रात्री नानांनी जे वाजवलं, ते मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. मध्ये बोल इतके बारीक व्हायचे की श्वास रोखून ऐकावे लागत.

माझ्या तोंडाशी आलं होतं. आमच्याकडे म्हणतात ना, "काय वाजवलं भो!" पण मी मास्तर. चारचौघांत असं ओरडणं बरं दिसेल का? म्हटलं, सकाळी चहाला गाठू आणि निवांत सांगू. सकाळी ते पहाटेच शेतावर गेले होते. मग आज-उद्या करत राहिलं. पौषात नाना गेले. त्या रात्रीचं कुणी टिपून ठेवलेलं नाही. आमच्यातही ती आठवणारे आता चार-पाच उरले असतील.

बरं, मी श्रद्धांजलीच्या सभेत बोललो. खूप चांगलं बोललो, असं लोक म्हणाले. पण समोर नानांचा फोटो होता.

श्रोतेहो, तुमच्या गावातही कुणी वाजवत असेल. कीर्तनात तबल्यावर बसणारा मुलगा असेल, वरातीतला क्लॅरिनेटवाला असेल, शाळेच्या स्नेहसंमेलनात पेटी वाजवणाऱ्या बाई असतील. मोबाइलवर चित्रफीत काढाल, घरी जाऊन चारजणांना पाठवाल. जरूर पाठवा. पण त्याआधी हात मोकळे ठेवा आणि त्यांना ऐकू जाईल असं काहीतरी बोला.

आमच्या मंडळात आता नानांचा नातू पखवाजावर बसतो. हात अजून कच्चा आहे, घाई करतो. गेल्या एकादशीला एका जागी मात्र त्यानं घाई केली नाही. बोल धरून ठेवला आणि नेमका समेवर सोडला. मी टाळ खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणालो, "काय वाजवलं भो!"

लोकांनी वळून पाहिलं. पोरगं लाजलं. आणि पुढच्या आवर्तनात त्यानं तीच जागा पुन्हा घेतली, पहिल्यापेक्षा बरी.