पगाराचं मूळ गाव

शिरूर तालुक्यात रांजणगावची आणि दौंडमध्ये कुरकुंभची एमआयडीसी. महिनाअखेरीस दोन्हीकडे एकच विषय, पगार झाला का? हा शब्द पोर्तुगीज. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या आणि १७३९ पर्यंत वसईला असणाऱ्या लोकांचा. त्यांच्या भाषेत ‘पगार’ हे क्रियापद आहे, पैसे चुकते करणे. मराठीनं त्याचं नाम केलं.

मूळ लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे. तेही ‘पाक्स’वरून, म्हणजे शांततेवरून. देणं फेडलं की सावकार शांत होतो, हा अर्थप्रवास देणेकऱ्याला वेगळा समजवावा लागत नाही! इटालियनमध्ये त्याचं ‘पगारे’ झालं, फ्रेंचमध्ये ‘पेये’. जुन्या फ्रेंचमधूनच इंग्रजी ‘पे’ आलं. त्यामुळे कामगाराचा पगार आणि ऊसवाल्याचं पेमेंट हे चुलतभाऊच.

‘पाक्स’ केल्टिक घराण्यातही गेला, पण चर्चच्या वाटेनं. प्रार्थनेत शांतीचं चुंबन देण्याची प्रथा होती; त्यावरून आयरिशमध्ये ‘पोग’ म्हणजे चक्क मुका. त्यात पैशाचा संबंध नाही.