गार्ड काढावा की ठेवावा?



कामगार चळवळीतल्या माणसाने हौशी मोटारशर्यतीवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण जेथे यंत्र आहे आणि यंत्रापाशी माणूस आहे, तेथे आमचा प्रश्न आलाच.

जर्मनीत न्युर्बुर्गरिंग येथे १९२७ साली खुली झालेली नॉर्डश्लाइफे ही सुमारे २१ किलोमीटरांची, डोंगरझाडीतली वळणावळणांची वाट आहे. ठरावीक दिवशी पैसे भरून सामान्य माणूस आपली मोटार तेथे नेऊ शकतो. नियमाने ती शर्यत नव्हे. हौस मात्र शर्यतीचीच. पाचशे अश्वशक्तीची गाडी घेऊन आलेल्या अशा हौशी चालकापुढे एक बटण असते. मदतनीस यंत्रणा चालू ठेवावी की बंद करावी?

या यंत्रणा करतात काय? १९७८ साली बॉशने मर्सिडीज गाडीत आणलेली ब्रेकची यंत्रणा चाके जखडू देत नाही. त्यामुळे जोराने ब्रेक दाबूनही गाडी वळवता येते. दुसरी, चाके जागीच फिरू लागली की इंजिनाचा जोर आवरते. तिसरी १९९५ साली आली. गाडी सुकाणूचे ऐकेनाशी झाली, की ती नेमक्या एखाद्या चाकाला ब्रेक लावते.

हौशी चालक म्हणतो, "फॉर्म्युला वनमध्ये यांवर बंदी आहे, मग मला कशाला?" पण ती बंदी चालकाचे कसब जोखण्यासाठी आहे. उलट २००६ साली सुरू झालेल्या जीटी३ वर्गात हौशी चालकांना वाव होता, आणि तेथे यांपैकी पहिल्या दोन यंत्रणांना मुभा आहे.

कारखान्यात पॉवर प्रेसचा गार्ड काढून काम उरकणारे मी पाहिले आहेत. चार नग जास्त निघतात आणि एखाद्या दिवशी बोटे जातात. मग घर कोणी चालवायचे? या वाटेवरही तोच हिशेब आहे. कठडा वाकला तर भरपाई चालकाने द्यायची, आणि सांडलेल्या तेलावरून घसरतो तो मागून येणारा निरपराध माणूस.

मात्र गार्ड आहे म्हणून हात कोठेही घालावा, असेही नव्हे. टायरची पकड कोणतीही यंत्रणा वाढवत नाही. वेग ६० चा १२० केला, की ब्रेक लावल्यापासून थांबण्याचे अंतर चौपट होते. शिवाय यंत्रणा वारंवार ब्रेक लावू लागली, तर ब्रेक तापतात.

म्हणून माझे सांगणे असे : यंत्रणा चालू ठेवा आणि समोरच्या दिव्याकडून शिका. एकाच वळणावर तो पुन्हा पुन्हा लुकलुकला, तर आपला पाय कोठे घाई करतो ते शोधा. दिवा न लागता फेऱ्या होऊ लागल्या, की जाणत्या शिक्षकाला शेजारी बसवून, मोकळ्या बंदिस्त मैदानावर, एकेक पायरीने तिचा आधार कमी करून पाहा. कसब असेच अंगी येते. आणि सोमवारी सकाळी प्रत्येकाला धडधाकट कामावर जायचे असते, हे विसरू नका.