पातं बसलं का?
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी दोन अटी घातल्या आहेत: पाचच मिनिटं बोलायचं आणि नोकरीबद्दल बोलायचं नाही. बरंच झालं. सॉफ्टवेअरमधली माझी बावीस वर्षं ऐकून तुम्हाला जेवणाआधीच झोप लागली असती. मी बोलणार आहे माझ्या छंदाबद्दल. मी खेळण्याएवढ्या आगगाडीचे रूळ हाताने बनवते.

"विकत मिळत नाहीत का?" हे सगळेच विचारतात. मिळतात, पण ते परदेशी गाड्यांच्या मापाचे. एचओ नावाच्या मापात प्रत्येक वस्तू खऱ्याच्या 87व्या भागाएवढी असते. तिकडे दोन रुळांमधलं अंतर 1435 मिलिमीटर, म्हणून मॉडेलचा रूळ 16.5 मिलिमीटरचा. आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची. तिला 87 ने भागलं की सव्वाएकोणीस येतात. तो रूळ मला कुठल्या दुकानात मिळाला नाही. मग स्वतःच करायला बसले. डब्यांची चाकंसुद्धा त्या मापाला फाकवून घ्यावी लागली.

सामान साधं आहे. सर्किट बोर्डाला वापरतात ती तांबं चढवलेली पाटी कापून स्लीपर करायचे आणि त्यांवर निकेल-सिल्व्हरचे रूळ सोल्डरने चिकटवायचे. प्रत्येक स्लीपरच्या तांब्याला मधोमध करवतीने चीर द्यायची, नाहीतर दोन्ही रूळ विजेने जोडले जातात. पहिल्या फूटभर रुळात मी तीन चिरा विसरले. मल्टिमीटर घेऊन ते तीन स्लीपर शोधता शोधता रात्रीचा एक वाजला.

सरळ रूळ मात्र कोणालाही जमेल. खरी परीक्षा सांध्याची. गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारी दोन पाती कानशीने घासून निमुळती करायची. पुढे जिथे रूळ एकमेकांना छेदतात तिथे चाकाची कड जायला एक-सव्वा मिलिमीटरची फट ठेवायची. जास्त झाली तर चाक फटीत आपटतं, कमी झाली तर रुळावर चढतं. माझी पहिली चार पाती घासण्याच्या नादात वाया गेली. कॉम्प्युटरवर चुकलं की एक पाऊल मागे जाता येतं. कानशीने गेलेला धातू परत येत नाही.

आता जे सांगायला मी उभी राहिले ते सांगते.

आठवीत एक फॉर्म भरायचा होता. 'वडिलांचा व्यवसाय' पुढे मी लिहिलं, 'रेल्वेत नोकरी'. तुमच्यापैकी काहींना वाटलं, माझे बाबा स्टेशनमास्तर आहेत. मी तो गैरसमज दूर केला नाही. बाबा पॉइंट्समन होते, सांधेवाले. त्यांच्या कपड्यांना ग्रीसचा वास यायचा आणि ते शाळेच्या फाटकापाशी आले की मी मैत्रिणींना घेऊन दुसरीकडे वळायचे.

माझा पाचवा सांधा तयार झाला, पण गाडी त्यावर दर वेळी घसरायची. आठवडाभर मी पुढच्या फटीत चूक शोधत होते. एका रविवारी बाबा येऊन शेजारी बसले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी टेबलाच्या कडेला डोळा लावला आणि म्हणाले, "पातं बसलेलं नाही." मला तर ते रुळाला चिकटलेलं दिसत होतं. त्यांनी वहीचा कागद फाडून पात्याच्या टोकाशी धरला. कागद अलगद आत गेला. "कागद जातोय ना? मग गाडी सोडायची नाही."

मी हिशेब केला. कागदाची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग धरली तर खऱ्या रुळावर ती फट जवळजवळ नऊ मिलिमीटरची होते. बाबांनी सांगितलं, खऱ्या सांध्यात टोकापासून 150 मिलिमीटरवर पाच मिलिमीटरची पट्टी घालून तपासतात. पट्टी आत असताना सांधा लॉक झाला, तर तो नापास.

सिग्नलची यंत्रणा बंद पडली की हेच काम बाबा भर पावसात, हातातल्या दिव्याच्या उजेडात करायचे. पातं वाकून बघायचं, क्लॅम्प लावायचा, कुलूप घालायचं. मग त्या पात्यावरून झोपलेल्या माणसांची आख्खी गाडी जायची. मी विचारलं, "कधी चुकलं नाही?" म्हणाले, "चुकलं असतं तर तू इंजिनियर झाली नसतीस."

नोकरीतल्या माझ्या चुका दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येतात. ती सोय त्यांना तीस वर्षांत एकदाही नव्हती.

गुडघ्यांमुळे बाबा आज येऊ शकले नाहीत. बाई, तुम्ही समोर बसल्या आहात म्हणून आठवीच्या फॉर्ममधली ती ओळ आज दुरुस्त करते. वडिलांचा व्यवसाय: पॉइंट्समन.

तो पाचवा सांधा बाहेर चहाच्या टेबलावर ठेवला आहे, शेजारी वहीचा कागदही आहे. सरकवून बघा. आता जात नाही.