मुष्टियोद्ध्याच्या कोपऱ्यातली माणसं



इंदूरकरांना विजय साजरा करायचा असला की पावलं आपोआप राजवाड्याकडे वळतात. क्रिकेटचा मोठा सामना जिंकला की तो चौक तिरंग्यांनी आणि ढोलांनी भरून जातो. खेळावर असं भरभरून प्रेम करणारं हे शहर आहे, म्हणूनच आज एका हौशी मुष्टियोद्ध्याची कारकीर्द तुमच्यापुढे मांडावीशी वाटते. 1972 साली या माणसानं भारताला ऑलिम्पिक-पॅरालिम्पिकच्या इतिहासातलं पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिलं. अभिनव बिंद्राच्या सुवर्णाच्या 36 वर्षं आधी. त्यांचं नाव मुरलीकांत राजाराम पेटकर.

पेटकर मूळचे सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरजवळच्या पेठ गावचे. मुलूख कुस्तीचा, त्यामुळे लाल मातीची ओळख लहानपणीच झालेली. कोवळ्या वयात ते सैन्याच्या बॉइज बटालियनमध्ये दाखल झाले, पुढे ईएमई या लष्कराच्या तांत्रिक दलात गेले आणि तिथं मुष्टियुद्धाकडे वळले. कुस्तीगिराला हा बदल सोपा नसतो. आखाड्यात प्रतिस्पर्ध्याला जवळ ओढायचं, कवेत घ्यायचं, खाली न्यायचं. रिंगमध्ये त्याला हाताच्या अंतरावर ठेवायचं. मिठी पडली की पंच लगेच दोघांना वेगळं करतो. शरीराला लागलेली सगळी सवय मोडून नवी लावावी लागते.

ठोसा हातानं मारतात, असं बघणाऱ्याला वाटतं. खरा ठोसा निघतो मागच्या पायाच्या चवड्यातून. टाच उचलली जाते, कंबर वळते, खांदा पुढे येतो आणि सगळ्यात शेवटी मूठ पोचते. पाय जागेवर नसतील तर हातात कितीही ताकद असो, ठोशाला वजन येत नाही. त्या काळचा हौशी सामना तीन फेऱ्यांचा असे, प्रत्येक फेरी तीन मिनिटांची, आणि डोक्याला संरक्षक टोप नसे. दोन फेऱ्यांच्या मधे एक मिनिट विश्रांती. त्या मिनिटात खेळाडू आपल्या कोपऱ्यात येऊन बसतो. तिथं उभी असलेली माणसं त्याला पाणी देतात, घाम पुसतात, डोळ्यावरची सूज बघतात आणि पुढच्या फेरीत काय करायचं ते दोन वाक्यांत सांगतात. टाळ्या रिंगमधल्या माणसाला मिळतात; पण कोपरा रिकामा असेल तर तो तिसऱ्या फेरीपर्यंत टिकत नाही. मला आज बोलायचंय ते या कोपऱ्याबद्दल.

1964 साल घ्या. त्या वर्षी पेटकर टोकियोत भरलेल्या सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेत मुष्टियोद्धा म्हणून उतरले. त्याच वर्षी त्याच शहरात ऑलिम्पिकही झालं. आपल्या महूचे शंकर लक्ष्मण, मराठा लाइट इन्फंट्रीचे सैनिक, तिथं भारताच्या हॉकी संघाचे गोलरक्षक होते आणि अंतिम सामन्यात पाकिस्तानला एकही गोल करू न देता त्यांनी सुवर्ण आणलं. आणि मुष्टियुद्धात? दहा वजनी गटांपैकी नऊ गटांत सोव्हिएत संघाच्या खेळाडूंनी पदकं घेतली, त्यातली तीन सुवर्ण.

हे सोव्हिएत मुष्टियोद्धेही हौशीच म्हणवले जात. त्यांच्या देशात धंदेवाईक मुष्टियुद्धाला जागाच नव्हती. पण कुणी सैन्याच्या क्लबचा, कुणी पोलिसांशी जोडलेल्या डायनॅमो क्लबचा. पगार, प्रशिक्षक, सरावाची जागा, शिक्षण हे सगळं शासनाकडून. कागदावर हौशी आणि प्रत्यक्षात पूर्णवेळ खेळाडू, अशी तक्रार पाश्चात्त्य देश करत आणि तिच्यात तथ्य होतं. तरीही त्या व्यवस्थेतली एक गोष्ट मला मोलाची वाटते. टोकियोत मिडलवेट गटाचं सुवर्ण जिंकणारा वालेरी पोपेन्चेन्को घ्या. स्पर्धेतल्या सर्वोत्तम शैलीसाठी दिला जाणारा वॅल बार्कर चषकही त्यानं पटकावला. रिंग सोडल्यावर तो तांत्रिक शास्त्रात संशोधनाची पदवी घेऊन मॉस्कोच्या बाउमन तंत्रशिक्षण संस्थेत शारीरिक शिक्षण विभागाचा प्रमुख झाला. ग्लोव्हज उतरवल्यावर काय, हा प्रश्न त्याच्यापुढे उघडावाघडा उभा राहिला नाही.

आपल्याकडे एवढा भक्कम कोपरा त्या काळी बहुतांशी सैन्य, पोलीस आणि रेल्वे यांनीच दिला. शेतकऱ्याच्या, कामगाराच्या मुलाला दोन वेळचं सकस जेवण, सरावाला वेळ आणि डोक्यावर उस्ताद हे सगळं एकत्र मिळायचं ते वर्दी चढवल्यावरच. पेटकरांचा मुष्टियोद्धा घडला तो तिथंच.

आणि मग 1965 उजाडलं. पाकिस्तानशी युद्ध पेटलं. आघाडीवर झालेल्या हवाई हल्ल्यात पेटकरांच्या अंगात नऊ गोळ्या गेल्या. एक मणक्यात रुतली, ती कायमची तिथंच राहिली. दीर्घ काळ ते बेशुद्ध होते. शुद्धीवर आले तेव्हा कंबरेखालचं शरीर साथ देत नव्हतं. मघाशी सांगितलं, ठोसा पायातून निघतो. ज्या मुष्टियोद्ध्याचे पाय गेले, त्याची कारकीर्द तिथं संपली असंच कुणीही म्हणेल.

मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचारांचा भाग म्हणून त्यांना पोहायला लावलं गेलं. पाण्यात शरीराचा भार पाणी पेलतं. उरलेलं काम खांद्यांचं, दंडांचं आणि श्वासाचं. हे तिन्ही मुष्टियुद्धानं त्यांच्याकडून वर्षानुवर्षं घोटून घेतलेलं होतं. हात थकले तरी श्वासाची लय सुटू द्यायची नाही, हा धडा पाण्यातही तसाच लागू पडला.

इथं कोपऱ्यात आणखी एक माणूस येऊन उभा राहिला, आणि त्याचं नाव जुन्या इंदूरकरांना नव्यानं सांगायला नको: विजय मर्चंट. 1944-45च्या रणजी अंतिम सामन्यात आपल्या होळकर संघाविरुद्ध 278 धावा ठोकणारे मर्चंट! त्याच सामन्यात होळकरांकडून डेनिस कॉम्प्टननं नाबाद 249 केल्या, तरी मुंबईनं सामना नेला. क्रिकेट सोडल्यानंतर मर्चंट यांनी अपंग बांधवांसाठी मनापासून काम केलं. पेटकरांना परदेशी स्पर्धांना जाता यावं म्हणून त्यांनी आर्थिक मदत उभी केली. त्या 278 धावांइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, मी त्यांच्या या कामाला मानते.

1968 साली तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये पेटकर टेबल टेनिस खेळले. चार वर्षांनी ते जर्मनीत हायडेलबर्गला गेले. ऑलिम्पिक म्युनिकला होतं, पण तिथल्या क्रीडाग्रामाच्या सदनिका व्हायच्या होत्या, म्हणून पॅरालिम्पिक आधीच, ऑगस्टच्या सुरुवातीला, हायडेलबर्गला भरवलं गेलं. तिथं 50 मीटर फ्रीस्टाइल शर्यत पेटकरांनी 37.33 सेकंदांत जिंकली. तो विश्वविक्रम होता. त्याच स्पर्धेत भालाफेक, अचूक भालाफेक आणि चाकाच्या खुर्चीवरची स्लॅलम, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, या तीन प्रकारांतही ते अंतिम फेरीत पोचले.

पुढं त्यांनी पुण्यात टेल्कोच्या कारखान्यात नोकरी केली. पद्मश्री मिळायला 2018 उजाडावं लागलं. त्यांच्या आयुष्यावरचा ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट 2024 साली आला आणि जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार जानेवारी 2025मध्ये हाती पडला. पदकानंतर बावन्न वर्षांनी! सन्मान उशिरा का होईना झाला, याचा आनंद आहे. पण या उशिराची बोचणी आपल्याला लागायला हवी.

श्रोतेहो, या कारकिर्दीचा हिशेब मी असा मांडते. सैन्यानं मुष्टियोद्धा घडवला, रुग्णालयानं पोहणारा घडवला, मर्चंट यांनी विमानात बसवलं, कारखान्यानं भाकरी दिली. जिद्द पेटकरांची, तिला तोड नाही. पण त्या जिद्दीला दर फेरीनंतर टेकायला कोपरा मिळाला. जिद्दीची माणसं आपल्या आसपास आजही आहेत. इंदूरच्या व्यायामशाळांत पहाटे सराव करणारी मुलं-मुली आहेत. त्यातल्या कुणाचा गुडघा गेला, कुणाचा मणका दुखावला, की पुढच्या महिन्यापासून ते नाव हजेरीतून गळतं आणि कुणी विचारायलाही जात नाही.

माझं मागणं साधं आहे. प्रत्येक व्यायामशाळेनं जायबंदी खेळाडूंची वही ठेवावी आणि दर महिन्याला त्यांच्या घरी कुणीतरी जावं. प्रत्येक जलतरण तलावाला खुर्चीवरून पाण्यात उतरता येईल असा उतार असावा. आणि ज्यांच्याकडे चार पैसे जास्त आहेत, त्यांनी विजेत्याच्या सत्काराआधी जखमी खेळाडूच्या उपचाराची चौकशी करावी. पुढचा पेटकर कोण असेल ते आज कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून जो जो पडेल, त्या प्रत्येकाच्या कोपऱ्यात कुणीतरी उभं असलं पाहिजे.