संघम् काव्य आणि तमिळ चित्रगीत

तमिळ भाषेतील सर्वांत प्राचीन काव्य ‘संघम् साहित्य’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्याचा बराचसा भाग इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांतील असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. या काव्याचे दोन विभाग आहेत. प्रेमिकांच्या अंतरंगाचे ते ‘अकम्’ आणि युद्ध, औदार्य, मरण अशा बाह्य जीवनाचे ते ‘पुरम्’. हालाची गाथासप्तशती ज्यांच्या परिचयाची आहे, त्या मराठी रसिकांना अकम् कविता परकी वाटणार नाही. तीच निनावी नायक-नायिका, तेच एवढेसे चित्र आणि मोजक्या शब्दांत पुष्कळ सुचविण्याची तीच हातोटी तेथेही आढळते.

या कवितांमध्ये ‘पाणर’ नावाच्या गायकांचे व त्यांच्या ‘याळ’ या तंतुवाद्याचे उल्लेख वारंवार येतात. काव्य आणि गायन यांचे नाते त्या काळी किती निकटचे होते, हे त्यावरून दिसते. पुढे ते गायक गेले, ते वाद्य गेले आणि कविता ताडपत्रांवर उरल्या. एकोणिसाव्या शतकात तर चांगल्या विद्वानांनाही त्यांची फारशी ओळख राहिली नव्हती. कुंभकोणम् येथील तमिळचे अध्यापक उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी गावोगाव हिंडून ताडपत्रे गोळा केली, पाठ ताडून पाहिले आणि १८९४ साली ‘पुरनानूरु’ हा चारशे कवितांचा संग्रह छापून प्रसिद्ध केला. ‘कुरुन्तोकै’ हा प्रेमकवितांचा संग्रह १९१५ साली सौरिप्पेरुमाळ अरंगन यांनी प्रथम संपादित केला. या परिश्रमांमुळे शब्द वाचले. परंतु त्यांचा सूर परत मिळणे शक्य नव्हते. तो नव्याने देण्याचे काम, कोणी फारशी अपेक्षा केली नसेल अशा एका क्षेत्राने केले. ते क्षेत्र म्हणजे चित्रपट.

कुरुन्तोकैमधील चाळिसावी कविता अवघ्या पाच ओळींची आहे. एकमेकांच्या आईबापांचीही ओळख नसलेली दोन माणसे एकत्र आली आहेत. त्यांची मने कशी मिसळली, हे सांगण्यासाठी कवीने तांबड्या मातीवर पडलेल्या पावसाचा दृष्टांत दिला आहे. पाणी एकदा मातीच्या रंगाचे झाले की ते निराळे काढता येत नाही. कवीचे खरे नाव काळाने पुसून टाकले. या प्रतिमेवरूनच त्याला ‘सेम्पुलप्पेयनीरार’ असे नाव पडले.

मणिरत्नम् यांच्या १९९७ सालच्या ‘इरुवर’ या चित्रपटात वैरमुत्तु यांनी ही कविता एका युगुलगीतात गुंफली. ए. आर. रहमान यांनी कर्नाटक संगीताच्या आधाराने त्याला चाल लावली आणि उन्नीकृष्णन् व बॉम्बे जयश्री यांनी ते गायिले. मूळ कवितेत एकच व्यक्ती बोलते आणि दृष्टांत शेवटपर्यंत राखून ठेवलेला असतो. चित्रगीताला मात्र ध्रुवपद हवे, कडवी हवीत, पुनरावृत्ती हवी. म्हणून ते बोल दोन कंठांत वाटले गेले, आणि कवितेत जे शांत विधान होते त्याचा गीतात विस्मयाचा प्रश्न झाला. हा बदल मूळ भावाशी विसंगत नाही. प्रेमाची कविता येथे प्रेमाचीच राहिली आहे.

त्याच गीतात आलेल्या दुसऱ्या एका प्राचीन कवितेची कथा मात्र वेगळी आहे. पुरनानूरुमधील एकशे बारावी कविता पारी नावाच्या दानशूर सरदाराच्या मुलींची मानली जाते. चेर, चोळ आणि पांड्य या तिन्ही राजांनी मिळून पारीच्या परम्बु डोंगराला वेढा घातला आणि अखेर पारी मारला गेला. मुली बोलतात त्या केवळ चांदण्याविषयी. मागच्या महिन्याच्या चांदण्यात पिता होता आणि डोंगर आपला होता. या महिन्याच्या चांदण्यात दोन्ही नाहीत. शोकाचा एकही उद्गार नसताना सारा शोक त्यात सामावलेला आहे.

‘इरुवर’मधील गीतात हे ‘त्या महिन्याचे चांदणे’ प्रियकराच्या आठवणीत जाऊन बसले. त्यापूर्वी १९६६ सालच्या ‘नाडोडी’ या चित्रपटासाठी कन्नदासन यांनी याच कल्पनेवर गीत रचले होते. विश्वनाथन् यांच्या त्या गीतातही चंद्र साक्षीला आहे तो प्रेमिकांच्या मीलनाला. चांदणे तेच राहिले, पण मेलेला बाप आणि हरवलेला डोंगर वाटेत गळून पडले.

यास काव्याचा विपर्यास म्हणावे काय? कवींवर असा आरोप करणे अन्यायाचे होईल. प्राचीन पदावली नव्या प्रसंगी योजणे ही भारतीय काव्याची जुनीच रीत आहे. तरीही येथे एक हानी झाली आहे, हे नाकारता येत नाही. आपल्याकडे १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेले एक पद पुष्कळांना तुकोबांचाच अभंग वाटले. तेथे नवे ते जुने ठरले, कारण अभंगाची वाणी लोकांच्या ओठी अखंड नांदत होती. तमिळनाडूत जुने ते नवे ठरण्याचा धोका आहे. गीत ऐकणारा त्या ओळी आजच्या कवीच्याच समजला, तर पारीच्या मुली दुसऱ्यांदा निराधार होतात.

सुदैवाने प्रवाह उलट दिशेनेही वाहतो. २०१९ सालच्या ‘सगा’ या चित्रपटात संगीतकार शबीर यांनी तांबड्या मातीच्या त्या कवितेचे प्राचीन शब्दच गीतात आणले. दोन सहस्रकांच्या जवळ पोहोचलेली भाषा तरुणांच्या तोंडी आली, म्हणजे तिचा अर्थ विचारला जाणे ओघानेच येते. अर्थ विचारणारा ग्रंथापर्यंत जातो, आणि तेथे त्याला चांदण्याची मूळ कविताही भेटते. चित्रगीताने रसिकाला त्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडले आहे; आत शिरून पारीच्या मुलींचे म्हणणे ऐकून घेण्याचे काम त्याचे स्वतःचे आहे.