‘हिरडी’ वाचता येते, पण रक्त आलं तर?

आजचा विषय दातांचा आहे. घाबरू नका, ब्रश कसा करायचा ते सांगणार नाहीये. प्रश्न वेगळा आहे: कॉलेजातल्या मुलामुलींना तोंडाच्या आरोग्याची समज किती आहे, हे मोजायचं कसं?

आता एक सॉफ्टवेअर इंजिनिअर यात कुठून आला? भोरच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या मित्राने विचारलं, ‘मोबाइलवर भरता येईल असा फॉर्म करून देशील का?’ त्याच्या वर्गात भोर गावातली मुलं आहेत आणि वेल्ह्याच्या डोंगराकडची पण. फॉर्म बनवणं तासाभराचं काम. पण त्यात विचारायचं काय, हे शोधायला बसलो आणि मजा आली.

या विषयातली एक गाजलेली चाचणी अमेरिकेतली. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये ती मांडली. नाव रिअल्ड-३०. दातांशी संबंधित तीस इंग्रजी शब्द, सोप्याकडून अवघडाकडे. सुरुवात ‘शुगर’पासून, शेवटाकडे ‘टेम्पोरोमँडिब्युलर’सारखे शब्द. समोरच्याने मोठ्याने वाचायचं. उच्चार बरोबर आला की एक मार्क. बस्स.

इंग्रजीत हे बऱ्यापैकी चालतं. कारण ‘शुगर’ लिहिताना सुरुवात ‘एस’ने होते आणि वाचताना ‘श’ येतो. शब्द आधी ऐकलेला नसेल तर उच्चार चुकतो. म्हणजे उच्चारावरून ओळखीचा अंदाज लागतो.

आता हेच मराठीत करून बघा. ‘दंतक्षय’. ‘हिरडीशोथ’. चौथीतला मुलगाही खडाखडा वाचेल, अर्थ माहीत नसला तरी! देवनागरीत जसं लिहिलं तसं वाचतात. त्यामुळे कॉलेजचा सगळा वर्ग तीसपैकी तीस घेईल. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट हिरवी, ॲप बंद. स्पॅनिशमध्येही हाच घोळ होता, म्हणून २००६ मध्ये आरोग्याच्या शब्दांची स्पॅनिश चाचणी करताना प्रत्येक शब्दाला अर्थाचा प्रश्न जोडला गेला. मराठीतही वाचण्यावर थांबून भागणार नाही.

दुसरी अडचण शब्दांची. फॉर्मवर ‘दंतक्षय’ लिहिलं, तर आपण मुलांचं सरकारी मराठी तपासतोय. भोरमध्ये माणूस म्हणतो, ‘दाढ किडलीय.’ बरं, ‘कीड’ म्हटलं की डोळ्यासमोर किडा येतो. खरं तर तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्याने दात झिजत पोकळ होतो. मग सरळ हेच विचारावं ना: ‘किडलेल्या दातात किडा असतो का?’

म्हणजे शब्द त्यांचे घ्यायचे आणि प्रश्न प्रसंगाचा विचारायचा. मी मित्राला असे चार प्रसंग सुचवले. तुम्ही पण पॉज करून उत्तरं द्या.

एक. ब्रश करताना हिरडीतून रक्त येतं. ब्रश बंद कराल का?
दोन. तंबाखू नसलेली नुसती सुपारी चालते का?
तीन. दाढ आठवडाभर ठणकत होती, आपोआप थांबली. बरी झाली?
चार. तोंडात न दुखणारी जखम आहे, दोन आठवडे झाले. थांबाल?

झालं? आता उत्तरं. पहिलं: बंद करू नका. बहुतेक वेळा दातांवर साचलेल्या थरामुळे हिरडी सुजलेली असते. मऊ ब्रशने हळू घासा, तरी रक्त येतच राहिलं तर दाखवा. दुसरं: नाही चालत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सुपारीला कर्करोगकारक ठरवलंय. सुपारीने तोंड उघडणंही कमी होत जातं. उभी तीन बोटं आत जात नसतील तर डॉक्टर गाठा. तिसरं: दातातली नस मेली असेल, म्हणून दुखणं थांबलं असेल. आतला संसर्ग चालूच असू शकतो. चौथं: थांबू नका. दुखत नाही म्हणून तर जास्त लक्ष द्यायचं.

हे प्रश्न आपल्याकडे का महत्त्वाचे, ते सांगतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर नसलेला तंबाखू वापरत होते. म्हणजे जवळपास चारातला एक. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनावर १९९२ पासून बंदी आहे, पण घरातली मिश्री त्या बंदीत कुठे सापडणार? आजी मिश्री लावते, तिला ते दात घासणंच वाटतं. तिच्या तोंडातला पांढरा चट्टा आधी कुणाला दिसेल? कॉलेजात जाणाऱ्या नातवाला, नातीला. त्यांना कळलं तरच आजी वेळेत डॉक्टरपर्यंत पोचेल.

आता शेवटचा मुद्दा, माझ्या मते सगळ्यात मोठा. ऑस्ट्रेलियात तिथल्या ग्रामीण आदिवासी लोकांसोबत काम करून ‘हेल्ड’ नावाची प्रश्नावली तयार झाली. एकोणतीस प्रश्न, सात भाग. त्यात माहितीसोबत हेही विचारतात: डॉक्टरची फी परवडते का? तिथे पोचता येतं का? कळलं नाही तर परत विचारता येतं का?

समजा, दोघींना सारखेच मार्क पडले. एक भोर बाजारपेठेत राहते. दवाखाना जवळ, पण माहिती कच्ची. दुसरी वेल्ह्याच्या आतल्या वाडीतली. तिला सगळं माहितीये, पण दात दाखवायचा म्हणजे एसटीची वाट बघा, दिवस घालवा, घरच्यांची मजुरी बुडवा. बेरीज सारखी, अडचण वेगळी. पहिलीला चांगलं व्याख्यान उपयोगी पडेल. दुसरीला व्याख्यान देणं म्हणजे चेष्टा आहे हो! तिला महिन्यातून एकदा कॉलेजात येणारा दंतवैद्य हवा.

म्हणून मित्राला सांगितलं, फॉर्ममधून एकच आकडा काढायचा नाही. दोन काढायचे: समज किती, आणि पोच किती. नाहीतर निष्कर्ष ठरलेला असतो, ‘विद्यार्थ्यांमध्ये जागृतीचा अभाव.’ मग आणखी एक पोस्टर लागतं आणि दाढ तशीच राहते.

तुमच्या कॉलेजात असा सर्व्हे आला तर खुशाल भरा. पण भरून घेणाऱ्याला विचारा, ‘सर, याचं पुढे काय करणार?’ आणि आज घरी गेलात की मिश्री लावणाऱ्या आजीला एकदा ‘आ’ करायला सांगा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!