मापणाऱ्याचा भार

बशीतल्या घोटभर गरम चहात थर्मामीटर बुडवला, तर तो आधी स्वतः तापतो आणि तेवढा चहा निवतो. मग जो आकडा आपण वाचतो, तो मघाच्या चहाचा नसतो. मापणारा काहीतरी घेतल्याशिवाय मापत नाही. विजेच्या दुनियेतही असंच घडतं.

बदलत्या विजेचा दाब पडद्यावर लहरीच्या रूपात दाखवणारं यंत्र म्हणजे ऑसिलोस्कोप. कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये कॅथोड किरण नळी तयार केली, तिच्यातून ते पुढे आलं. आता पडदे सपाट झाले. पण सर्किटला टेकवायचा टोकदार प्रोब मात्र कायम आहे. गोम आहे ती त्यातच.

समजा, १० लाख ओहमचे दोन रोध एकापुढे एक जोडून त्यांना १० व्होल्ट दिले. मधल्या बिंदूवर ५ व्होल्ट असणार. तिथे साधा प्रोब टेकवा. यंत्राचा स्वतःचा रोध बहुधा १० लाख ओहम असतो. थोडी वीज त्या वाटेने जाते आणि पडद्यावर दिसतात ३.३३ व्होल्ट! यंत्र खोटं बोलत नाही. टेकवल्यावर तिथे खरोखरच तेवढे व्होल्ट उरतात. म्हणून दहापट प्रोब वापरतात. त्याच्या टोकाशी ९० लाख ओहमचा रोध असतो. आता ४.७६ व्होल्ट दिसतात. चूक घटते, संपत नाही.

लहर वेगवान झाली की दुसरी अडचण येते. प्रोब आणि त्याची केबल छोट्या कपॅसिटरसारखी वागतात. साध्या प्रोबची धारकता १०० पिकोफॅरडच्या आसपास असते. सेकंदाला १ कोटी आवर्तनं करणाऱ्या लहरीला तिचा अडथळा जेमतेम १६० ओहमचा. एखादा नाजूक क्रिस्टल ऑसिलेटर प्रोब टेकताच बंद पडतो. कारागीर म्हणतो, 'क्रिस्टल गेला,' आणि चांगला भाग काढून फेकतो. गिऱ्हाईक त्याचे पैसे मोजतं.

यावर उपाय साधे आहेत. दहापट प्रोबवर एक बारीक स्क्रू असतो. यंत्रातूनच मिळणारी चौकोनी लहर पाहत तो फिरवायचा. कोपरे गोलावले किंवा शिंगासारखे वर आले, तर जुळणी चुकली. काटकोनी दिसले की जमली. जमिनीची, म्हणजे ग्राउंडची, तार होईल तितकी आखूड ठेवायची. लांब तारेमुळे लहरीच्या कडेला थरथर उमटते, ती मूळ सर्किटात नसतेच. शंका आली तर त्याच जागी दुसराही प्रोब टेकवून पाहायचा. सर्किटाची चाल बदलली, तर आपलाच भार पडतोय हे समजावं.

माझा धंदा शब्दांचा. तिथेही प्रश्न कोण विचारतो, कोणत्या आवाजात विचारतो, यावर उत्तर बदलतं. साहेबांपुढे शिपाई 'सगळं ठीक आहे' म्हणतो, तेव्हा त्या उत्तरात साहेबांचा भार किती, हेही पाहायला हवं. तो भार शून्य करता येत नाही. पण ओळखता येतो, हलका करता येतो. एखाद्याला खोटं ठरवण्याआधी एवढं तरी करावं.